सभासदाची साखर आणि सहा माणसांचा चहा

प्रश्न : आम्ही सांगली जिल्ह्यात राहतो. घरचा ऊस कारखान्याला जातो, त्यामुळे सभासद म्हणून सवलतीच्या दराची साखर मिळते आणि घरात साखरेचे पोते कायम असते. सासू-सासरे, आम्ही दोघे आणि दोन मुले अशी सहा माणसे आहोत. सासऱ्यांना मधुमेह असून गोळ्या सुरू आहेत. पण ‘मी गुळाचा चहा घेतो, साखर खात नाही’ असे ते सांगतात. त्यांचा चहा दिवसातून पाच-सहा वेळा होतो. गेल्या महिन्यात यजमानांचे एचबीए१सी (रक्तातील साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.१ आले आणि डॉक्टरांनी ‘साखर कमी करा’ एवढेच सांगितले. आम्ही गोडाधोडाचे फार करत नाही, तरी असे का व्हावे? मुलगा १२ वर्षांचा आणि मुलगी ८ वर्षांची आहे; दोघेही दुधात बाजारची पावडर घालून घेतात. साखर पूर्ण बंद करावी का? गूळ, मध किंवा शुगर-फ्रीच्या गोळ्या चालतील का? आणि कोणाला न सांगता मी चहातली साखर हळूहळू कमी केली तर चालेल का? घरात वाद नको आहे.
— एक वाचक भगिनी

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

‘गोडाधोडाचे फार करत नाही’ हे तुमचे म्हणणे खरे असणार, यात मला शंका नाही. आणि तरीही तुमच्या घरात साखर भरपूर खाल्ली जात असणार, याबद्दलही मला शंका नाही. साखर म्हटले की आपल्याला श्रीखंड, जिलबी, पुरणपोळी आठवते आणि हे पदार्थ वर्षातून मोजक्या वेळा होत असल्यामुळे आपण निर्धास्त असतो. रोजची साखर मात्र कपातून येते. उठल्याबरोबरचा चहा, न्याहारीचा चहा, दुपारच्या झोपेनंतरचा, शेतावरून आल्यावरचा आणि कोणी आले म्हणून त्यांच्यासोबत घेतलेला, अशी ती चमच्याचमच्याने पोटात जाते आणि कोणाच्याही हिशेबात धरली जात नाही. म्हणून सणाच्या ताटाला हात न लावता चहाच्या पातेल्यापासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्या घराची एक अडचण मात्र वेगळी आहे. किलोकिलोने साखर आणणाऱ्या गृहिणीला महिन्याची साखर किती लागते हे तोंडपाठ असते. पोत्यातून डबा भरणाऱ्या घरात तो अंदाज कोणालाच नसतो आणि सभासदाची साखर स्वस्त पडत असल्याने खर्चाचाही धाक राहत नाही. तेव्हा पहिला महिनाभर स्वयंपाकघरात काहीही बदलू नका, फक्त मोजा. पोत्याचे तोंड बांधून ते कोठीच्या खोलीत ठेवा, वजन करून पाच किलो साखर एका डब्यात काढा आणि सगळ्यांनी त्याच डब्यातून घ्यावी असा दंडक घाला. डबा पुन्हा भराल तेव्हा तारीख आणि वजन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. गुळाची ढेप फोडाल तेव्हा तिचेही वजन त्याच हिशेबात धरा. महिनाअखेरीस येणाऱ्या आकड्याचे ग्रॅम करून त्याला ६ माणसांनी आणि ३० दिवसांनी भागा. समजा, महिन्याला ९ किलो साखर लागली, तर माणशी दिवसाला ५० ग्रॅम होतात. यातून पाहुण्यांचा आणि गड्यामाणसांचा चहा वजा करावा, असे घरात कोणीतरी लगेच सुचवील. थोडा करावा, फार नको. कारण आपणही बाहेर कोणाकडे तरी चहा घेतच असतो आणि तो आपल्या डब्यातून गेलेला नसतो.

या ५० ग्रॅमचा अर्थ असा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि शक्य झाल्यास ती ५ टक्क्यांच्या खाली आणावी. रोज २००० कॅलरी लागणाऱ्या प्रौढ माणसाच्या बाबतीत १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम होतात, कारण एका ग्रॅम साखरेतून सुमारे ४ कॅलरी मिळतात. या हिशेबात साखरेबरोबर गूळ, मध, काकवी आणि फळांचा काढलेला रसही येतो. अख्खे फळ आणि साधे दूध येत नाही. तुमच्या आठ वर्षांच्या मुलीची ऊर्जेची गरज प्रौढांहून कमी असल्याने तिची मर्यादाही त्या प्रमाणात खाली येते. म्हणजे वरच्या उदाहरणातले घर केवळ स्वयंपाकघरातल्या साखरेवरच कमाल मर्यादेला टेकलेले आहे. बिस्किटे, सॉस, शीतपेये आणि दुधातली पावडर अजून मोजलेलीच नाही.

आता सासऱ्यांच्या गुळाकडे वळू. हा समज इतका खोलवर रुजलेला आहे की, मधुमेहाच्या गोळ्या घेणारी पुष्कळ माणसे निश्चिंत मनाने गुळाचा चहा पितात. ऊस तोच, रस तोच. साखर करताना मळी वेगळी काढली जाते आणि गुळात तिचा अंश राहतो, त्यामुळे त्याला रंग, वास आणि थोडी खनिजे मिळतात. परंतु गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो आणि वजनाला वजन धरले तर त्याच्या कॅलरी साखरेपेक्षा फारशा कमी भरत नाहीत. रक्तात गेल्यावर शरीराला दोहोंत असा फरक करता येत नाही की, ज्याच्या आधारावर मधुमेही माणसाने गूळ निर्धास्तपणे खावा. गुळातील लोहाचे म्हणाल, तर चमचाभर गुळातून मिळणारे लोह अगदीच अल्प असते आणि ते चहातून घेतले तर चहातील टॅनिन त्याच्या शोषणातही अडथळा आणते. सासूबाईंना किंवा तुम्हाला लोहासाठी काही खायचे असेल, तर अळीव, पालेभाज्या, नाचणी, कडधान्ये आणि सोबत लिंबू हा अधिक सरळ मार्ग आहे. गूळ चवीसाठी खावा, औषध म्हणून खाऊ नये. सेंद्रिय गूळ, काकवी, खडीसाखर आणि ब्राउन शुगर यांनाही हेच लागू पडते. मधही साखरेतच मोजायचा. शिवाय एक वर्षाच्या आतील बाळाला तो चाटवू नये, कारण त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होण्याची शक्यता असते.

एक लहानसा प्रयोग करून पाहा. सासरे ज्या चमच्याने किसलेला गूळ घेतात किंवा तुम्ही ज्या चमच्याने पातेल्यात साखर टाकता, तो चमचा नेहमीसारखा भरून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. सपाट भरलेल्या चहाच्या चमच्यात साखर ४ ते ५ ग्रॅम मावते. पण आपण भरतो तो चमचा बहुधा शीग लावलेला असतो आणि तो सहज ७-८ ग्रॅमपर्यंत जातो. कपाला असे दोन चमचे आणि दिवसाला पाच कप म्हटले, तर ७० ग्रॅमच्या पुढे गेलो. ज्यांना ‘मी साखर खात नाही’ असे मनापासून वाटते, त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा हा काटा त्यांच्यासमोर ठेवणे अधिक उपयोगी पडते.

कोणाला न सांगता साखर कमी करू का, असे तुम्ही विचारले आहे. मुलांच्या आणि तुमच्या स्वतःच्या बाबतीत जरूर करा. सासऱ्यांच्या बाबतीत करू नका आणि त्याचे कारण नुसते मानापमानाचे नाही. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्या माणसाच्या आहारातील साखर एकदम कमी झाली, तर रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरू शकते. हातपाय थरथरणे, दरदरून घाम सुटणे, छातीत धडधडणे, एकाएकी कडकडून भूक लागणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही त्याची लक्षणे आहेत. त्या वेळी तत्काळ १५ ग्रॅमच्या आसपास साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे लागते. तेव्हा साखर कमी करण्याचा नियम पाळायचा नसतो. माणूस शुद्धीवर नसेल, तर मात्र तोंडात काहीही न घालता त्याला तडक दवाखान्यात न्यावे. म्हणून बदल सुरू करण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना भेटून ‘यांचा गोड चहा बंद करतो आहोत, गोळ्यांचे प्रमाण बदलावे लागेल का’ असे स्पष्ट विचारा. हा बदल त्यांच्या नकळत झाला आणि कधी घेरी आली, तर कारण कोणाच्याच लक्षात येणार नाही.

घरात हा विषय कोणी काढायचा, हेही ठरवले पाहिजे. माझ्या मते तो सुनेने काढू नये. रिपोर्ट तुमच्या यजमानांचा आहे. त्यांनीच एखाद्या संध्याकाळी सगळे जेवायला बसलेले असताना ‘माझी साखर वाढायला लागली आहे, मला चहा कमी गोड हवा, तुम्ही मला साथ द्या’ असे सांगावे. वडिलांना ‘तुम्ही सोडा’ म्हटले की ते हट्टाला पेटतात, आणि मुलाने ‘माझ्यासाठी करा’ म्हटले की तेच वडील दोन पावले पुढे येतात, हे आपल्या घरांमधले वास्तव आहे. यजमानांना हेही सांगा की, एचबीए१सीचा ५.७ ते ६.४ हा आकडा मधुमेहपूर्व अवस्थेचा मानला जातो आणि या टप्प्यावर वजन, चालणे व जेवण यांत बदल केल्यास मधुमेह टाळता किंवा लांबवता येतो. नुसती चहातली साखर कमी करून भागणार नाही, ताटातला भात आणि दिवसभराचे बसणेही पाहावे लागेल. पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

आता पातेल्याकडे येऊ. आपल्याकडे आधणातच साखर घालून चहा उकळतात, त्यामुळे कपाला किती आली हे कळत नाही. बिनसाखरेचा चहा करून प्रत्येकाने वरून साखर घ्यावी, हा उपाय दिसायला सोपा आहे. पण ‘वरून घातलेली साखर चहाला मुरत नाही’ अशी तक्रार वडीलधारी माणसे करतात आणि मग न ढवळलेल्या कपात आणखी एक चमचा पडतो. त्यापेक्षा सहा कपांच्या पातेल्यात आज पडणारे चमचे मोजा, ते चमचे सपाट करा आणि दर आठवड्याला त्यातला एक कमी करा. एकदम निम्मी साखर केली तर चहा बेचव लागतो आणि घरभर कुरकुर सुरू होते. हळूहळू उतरलेल्या गोडीशी जीभ काही आठवड्यांत जुळवून घेते आणि मग पूर्वीचा चहा पाकासारखा लागतो. आले, वेलदोडा किंवा परसातली गवती चहाची पात टाकली, तर गोडीची उणीव कमी जाणवते. कपाला एक सपाट चमचा या टप्प्यावर आलात की थोडे थांबा आणि मग चहाच्या खेपा पाहा. दुपारी उशिराचा एखादा चहा काढून तिथे जिरे-मीठ घातलेले पातळ ताक आणता येईल. सासऱ्यांचा चहा मात्र डॉक्टरांशी बोलणे झाल्यावर वेगळ्या लहान पातेल्यात, बिनगुळाचा आणि बिनसाखरेचाच करावा.

चहाच्या खेपा कमी करण्यामागे दातांचेही एक कारण आहे. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते दातांचे कवच झिजवते. एकूण साखर तेवढीच असली, तरी ती दिवसभर थोडीथोडी तोंडात येत राहिली तर दातांना सावरायला वेळच मिळत नाही. त्यामुळे जेवणानंतर खाल्लेल्या एका लाडवापेक्षा दिवसभर चघळलेली गोळी दातांना अधिक घातक ठरते.

पाहुण्यांची काळजी फार करू नका. तीस वर्षांपूर्वी कमी गोड चहा दिला तर ‘साखर संपली वाटतं’ असे ऐकावे लागे; आता ‘साखर किती घालू?’ हा प्रश्न कोणत्याही गावात सहज विचारला जातो आणि निम्मे पाहुणे स्वतःच ‘कमी’ म्हणतात. कप कमी गोड द्यावा आणि बशीत साखरेची वाटी व चमचा ठेवावा.

चहाबरोबर बुडवून खाल्ल्या जाणाऱ्या बिस्किटांकडे मात्र लक्ष हवे. साध्या ग्लुकोज बिस्किटांत वजनाच्या सुमारे पाव भाग साखर असते आणि पुडा फोडला की तो दोन बिस्किटांवर थांबत नाही. त्याऐवजी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे किंवा घरचा पातळ पोह्यांचा चिवडा डब्यात असू द्या. चिवड्यात पिठीसाखर घालण्याची पद्धत तुमच्याकडे असेल, तर ती तेवढी वगळा. टोमॅटो सॉसच्या एका मोठ्या चमच्यात जवळजवळ चहाचा चमचाभर साखर असते, हे मुलांना बाटलीवर दाखवा. आमटीतला गुळाचा खडा आणि कोशिंबिरीतली चिमूटभर साखर यांच्या मागे लागू नका. तेवढ्याने काही बिघडत नाही आणि स्वयंपाकाची चव उगाच जाते.

मुलांच्या दुधातल्या पावडरीबद्दल थोडे सविस्तर लिहितो. पाकिटाच्या मागच्या बाजूला पोषणतक्ता असतो आणि त्यात ‘एकूण साखर’ व ‘वरून घातलेली साखर’ हे आकडे प्रत्येक १०० ग्रॅममागे वेगवेगळे दिलेले असतात. दुधाच्या पदार्थात एकूण साखर जास्त दिसली तरी तिचा काही भाग दुधातलाच असतो, म्हणून दुसरा आकडा पाहायचा. माल्टच्या अनेक पावडरींमध्ये तो वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतो. म्हणजे तीन चमचे पावडर घातली की एक चमचा साखर गेली, आणि वर आई सवयीने आणखी एक चमचा साखर घालते. घटकांची यादीही वाचा. वजनाने जो घटक सर्वांत जास्त तो यादीत पहिला लिहिण्याचा नियम आहे आणि साखर तिथे लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप अशा नावांनीही येते. या पावडरींना ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणण्याला आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात आधार नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये त्या सदरातून काढण्यास सांगितले होते. मुलांना साधे दूध द्यावे. एकदम नको म्हणत असतील, तर पावडर दर आठवड्याला अर्ध्या चमच्याने कमी करावी किंवा बदामाची बिनसाखरेची पूड, वेलदोडा व चिमूटभर हळद यांवर न्यावे.

शीतपेयांच्या बाबतीत मी कठोर आहे. साखर घातलेल्या कोलामध्ये १०० मिलीलीटरमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे २५० मिलीलीटरची एक बाटली दिवसभराचा २५ ग्रॅमचा वाटा एकट्याने संपवते. घट्ट अन्न खाल्ल्यावर पोट भरते आणि हात थांबतो. पेयाने तसे पोट भरत नाही, त्यामुळे त्यातल्या कॅलरी नेहमीच्या जेवणावर भर म्हणून पडतात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ मध्ये आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले, ज्यांवर नेहमीच्या खाद्यपेयांतली साखर लिहिलेली असते. तुमची मुले त्या मंडळाच्या शाळेत नसली तरी असा एक कागद त्यांच्याच हस्ताक्षरात फ्रिजवर लावता येईल. बारा वर्षांच्या मुलाला भागाकार येतो आणि त्याला तो करायला आवडतो. रसवंतीवरचा उसाचा रस ताजा असला तरी ग्लासभर रसात शीतपेयाएवढी किंवा त्याहून अधिक साखर असते. ऊसपट्ट्यात राहून रस पिऊच नका असे मी म्हणणार नाही, पण तो रोजचा नसावा आणि सासऱ्यांसाठी तर नसावाच.

शुगर-फ्रीच्या गोळ्यांबद्दल माझे मत सावध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा पदार्थांचा वापर करू नये, असे सुचवले. आधीपासून मधुमेह असलेल्या लोकांना ती सूचना लागू केलेली नाही. त्यामुळे सासऱ्यांना गोड चहा अजिबात सुटत नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने काही काळ एखादी गोळी चालेल. अशा काही गोळ्यांतल्या अ‍ॅस्पार्टेम या कृत्रिम गोड पदार्थाची गोडी उकळताना कमी होते, म्हणून ती गोळी कपात ओतलेल्या चहात टाकावी. मुलांना या गोळ्या देऊ नयेत आणि यजमानांनीही त्यांच्या नादी लागू नये, कारण त्यामुळे जिभेला गोडाची सवय तशीच राहते.

पूर्ण बंद करावी का, या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. वरून घातलेल्या साखरेची शरीराला गरज नसते, हे खरे. पण कडक बंदी दोन आठवडे टिकते आणि मग दुप्पट खाल्ले जाते. पाडव्याचे श्रीखंड आणि होळीची पोळी करा आणि मनापासून खा. श्रीखंडात चक्क्याच्या बरोबरीने साखर घालण्याची रीत असेल, तर चक्का चांगला घट्ट बांधून ती पाऊणपट करता येते आणि खाणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. आमरसात साखर घालायचे मात्र सोडून द्या. गोड हापूसला ती लागत नाही आणि आंबट आंब्याचे लोणचे घालावे.

पोत्याचा प्रश्न राहिला. आपण ऊस पिकवायचा आणि आपणच साखर कमी खायची, हे सासऱ्यांना कदाचित रुचणार नाही. त्यांना सांगा की, देशातली निम्म्याहून अधिक साखर बिस्किटे, मिठाई आणि शीतपेये बनवणारे घाऊक ग्राहक उचलतात. आपल्या घराने महिन्याला चार-पाच किलो कमी खाल्ल्याने उसाच्या दरावर परिणाम होत नाही. उरलेली साखर दिवाळीत लेकीबाळींना वाटता येते.

तुमच्या घराचा आकडा ९ किलोच्या आसपास निघाला, तर पहिल्या तीन महिन्यांत तो ६ किलोंवर आणावा आणि पुढे सवडीने साडेचारपर्यंत न्यावा. यजमानांचे एचबीए१सी दर पंधरा दिवसांनी तपासू नका. लाल रक्तपेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते आणि ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणून बदल सुरू केल्यानंतर तीन महिन्यांनी ती करावी. सासऱ्यांचेही रक्त त्याच दिवशी तपासून घ्या आणि डॉक्टरांकडे जाताना त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी व कॅलेंडरवरचे साखरेचे आकडे सोबत न्या.